खंडेनवमीला धुतलेले प्लग

बाळीचं पोट उडत हुतं आन गाडी पुढं जाईना. करंजीच्या घाटात, मधल्या वळनाला, पाय सगळा दाबून धरला तरी गाडी नुसती थरथरायची. एक धक्का, मंग जरा दम, मंग परत धक्का, आन मागनं ट्रकचा हॉर्न. शेजारच्या सीटवर आत्या, म्हंजी माझ्या सासूबाई, बाळीला छातीशी धरून बसलेल्या. बाळी रडत बी नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिच्या नाकपुड्या फुलायच्या, बरगडीखाली खड्डा पडायचा, आन तोंडातनं कण्हल्यावानी बारीक आवाज. मी एकदा रस्त्याकडं बघायची, एकदा तिच्याकडं. आत्या म्हनल्या, "तू पुढं बघ. हिच्याकडं मी बघती."

पुढं बघितलं आन गाडी बंदच पडली.

हँडब्रेक वढला, तरी गाडी मागं सरकती का काय म्हनून पाय ब्रेकवरनं उचलाया धीर हुईना. आत्या बाळीला घिऊन खाली उतरल्या, एका हातानं बाळीला धरलं आन दुसऱ्या हातानं कडंचा दगूड लोटत आनून चाकामागं लावला. मंग मी उतरले. फोन काढला, तिथं रेंजच न्हाई. घाटात त्या वळनाला कधीच नसती, हे मला म्हाईत हुतं, तरी मी फोन वर धरून गोल फिरले.

सकाळी तिसगावच्या डॉक्टरांनी बाळीची छाती तपासली आन त्यांचं तोंडच बदललं. म्हनले, नगरला लहान मुलांच्या दवाखान्यात न्या, आत्ताच न्या, घरी जाऊन पिशवी भरत बसू नका. अँब्युलन्सला त्यांनीच फोन लावला, ती दुसरीकडं गेलेली, यायला येळ लागल म्हनले. घरची गाडी हाय का इचारलं. हाय म्हनलं, बाहेरच उभी हाय. चालवनार कोन? म्हनलं, मी. त्यांनी माझ्याकडं एकदा वरपासनं खालपत्तोर बघितलं आन चिठ्ठी लिहून दिली.

बाळीचे पप्पा तवा घरी नव्हते. दिवाळी झाली की ते राहात्याकडं जातात, कारखान्याला ऊस वाहायच्या ट्रॅक्टरवर. बाकीचं वरीस ते आमची व्हॅन चालवतात. जुनी हाय, पेट्रोलची हाय, बाजाराच्या दिवशी मानसं आन टोपल्या, एरवी शाळेची पोरं. ते नसले की गाडी दारात उभी राहून खराब हुती, म्हनून त्यांनी मला शिकवली. मी नववीत शाळा सोडली, मला वाटायचं हे काय आपल्याला जमायचं न्हाई. ते म्हनायचे, सायकल येती ना, मंग ही त्याच्याहून सोपी, हिला पायडल न्हाई.

गाडी शिकवली तेवढ्यावर ते थांबले न्हाईत. आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलायची की ते खाली, चुलीवरल्या पातेल्यावानी समोरच. त्यात तीन प्लग. पेट्रोलला ठिनगी द्यायचं काम त्यांचं. बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्याला ते तिन्ही प्लग काढायचे, वट्यावर ताट पालथं घालून त्यावर वळीनं मांडायचे, आन मला हाक मारायचे, "ये गं, तोंडं बघाया."

मला कनिक मळता मळता उठून यावं लागायचं. हात पिठाचे. मी वाकून बघायची.

प्लगाचं खालचं टोक दुधाच्या चहावानी तपकिरी असलं तर तो निरोगी. काळा आन कोरडा, चुलीच्या भिताडावर बसती तशी काजळी असली, तर पेट्रोल जास्त जळतंय, न्हाईतर हवेची जाळी धुळीनं गच्च झालीया. काळा आन वलसर, बोटाला चिकटतो, तर इंजिन आईल पितंय. आन पांढरा फटक, चुना लावल्यावानी, तर इंजिन लई तापतंय, हे वाईट. मंग झीज बघायची. नव्या प्लगाच्या टोकाला चांगली धार असती, कडा बोटाला लागतात. जुन्याचं टोक गोल हुतं, दाभनाचं झिजून बोथट व्हावं तसं, आन वरची वाकडी पट्टी आन ते टोक ह्यांच्यातली फट वाढती. फट वाढली की ठिनगीला उडी जमत न्हाई.

एक दिवस आत्या ते ऐकत बसल्या हुत्या. बाळी तवा लहान, दिवसात चार येळा लंगोट बदलायचा, आन आत्या दर येळी लंगोट उजेडात धरून बघायच्या, हिरवी केली का पिवळी केली, फेसाळ हाय का. त्या म्हनल्या, "म्या बाळीचं बघितलं तर तू नाक मुरडतो, आन तू तर गाडीचं ताटात मांडून बघतो." आमी इतकं हसलो की बाळी उठली.

तिसरा प्लग कायम वलसर निघायचा. ते म्हनायचे, ह्या तिसऱ्याला प्यायची सवय लागलीया, सपाटीला चालून जाईल, घाटात हा बुडनार. पैशे जमले की इंजिन खोलू. तवर तिन्ही प्लग नवे घातले, आन निघालेल्या जुन्यातले दोन चांगले त्यांनी बिस्किटाच्या डब्यात घालून गाडीतच ठिवले, कधी अडलं तर लावायला. आन उरलेला एक, चिनीमातीला तडा गेलेला, त्यो त्याच डब्यात येगळा चिंधीत बांधून ठिवला. त्यो कशाला ठिवला, तर मला दाखवाया. म्हनाले, चांगला कसा असतो हे तर तुला कळलं, बिघडलेला बी हातात असावा.

आता इथं आत्यांचं आलं.

आमच्यात खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुवून पुजतात. खुरपं, इळा, कुऱ्हाड, विहिरीवरचा पाना, आन आता गाडीचा जॅक. आवंदा आत्यांनी मनावर घेतलं. मी बाळीला झोपवत हुते, आन त्या वट्यावर बसून राख आन चिंच घिऊन घासत हुत्या. जॅक चमकवला, पाने चमकवले, आन मंग डबा उघडला. त्यांना वाटलं, किती ही काळी झालीत. तिन्ही प्लग, चिंधीतला बी चिंधी सोडून, राखेनं घासले, साबनाच्या पान्यात टाकले, काथ्यानं खसाखसा घासून चांदीच्या वाटीवानी करून ठिवले. वर हळद-कुंकू, झेंडूचं फूल.

बाळीचे पप्पा आले आन पाटावर बघून मटकन खालीच बसले. म्हनाले, "आई, तोंडं धुतली व्हय गं त्यांची? आता मला कोन सांगनार कोन आजारी हुतं?"

आत्या म्हनल्या, "मंग काय काळ्या तोंडानं देवापुढं बसवू?"

त्यांना रागच येईना, नुसते हसत सुटले. सवडीनं निवडू म्हनले, तिन्ही परत डब्यात टाकले. मंग कारखान्याचा निरोप आला आन ते गेले. निवडायचे राहूनच गेले.

तर घाटात, त्या वळनाला, मला हे सगळं एकदम आठवलं. मी आत्यांना म्हनलं, कठड्याच्या सावलीला बसा. सीट उचलली. आतनं असा भपका आला तोंडावर. घाम, डोळ्यातलं पानी, सगळं एक झालं. गाडी परत चालू केली, तर चालू झाली, पन उभ्या उभ्याच ठेचकाळत हुती. बाळीच्या पप्पांनी दाखवलेलं हुतं, कोरडं फडकं हातात घ्यायचं आन एकएक प्लगावरली वायरीची टोपी उपसायची. उपसल्यावर गाडी आनखी मरगळली तर त्यो प्लग कामाचा. आवाज हाय तसाच राहिला तर त्योच मेलेला. पहिल्याची उपसली, गाडी बंद पडायला आली. लगीच बसवली. दुसऱ्याची बी तसंच. तिसऱ्याची उपसली, काय बी फरक न्हाई.

गाडी बंद केली. प्लग चटका बसंल असा तापलेला, पान्यानं सैल करून ओढनीत धरून काढला. काळा, वला, टोकावर डांबरावानी गोळा. पुसला, केसातली पिन काढून खरवडला, परत लावला, गाडी चालू केली. जागा हुईना त्यो. परत काढला. हे करताना मी सारखी तिकडं बघत हुते. आत्या बाळीला उभी धरून पाठीवरनं हात फिरवीत हुत्या, आन तोंडानं काहीतरी पुटपुटत हुत्या. मी इचारलं, कशी हाय? त्या म्हनल्या, हाय तशीच हाय, तू तुझं बघ. पन त्यांचा आवाज असा निघाला की मला कळलं, तशी न्हाई.

डबा उघडला. तीन प्लग, तिन्ही एकावानी एक, चकाचक. कडेला अजून कुंकवाचा कन लागलेला. रंगानं वळखायची सोय नव्हती. म्हनलं टोकं बघू. तिन्ही एकाच येळी गाडीतनं निघालेले, तिन्ही सारखेच झिजलेले. एक उचलायची, उन्हात धरायची, ठिवायची, दुसरा उचलायची. चुकीचा बसवला तर परत काढायचा, परत तापलेल्या भोकात हात, आन तेवढा दम बाळीत हाय का न्हाई, हे कोन सांगनार. गाडी शिकले त्या दिवशी जितकी भ्याले नव्हते तितकी मी त्या डब्याला भ्याले.

तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला. कांद्याच्या गोन्यांनी भरलेला, नगरच्या बाजाराला निघालेला. डायवर म्हातारासा, डोक्याला रुमाल. त्यानं खाली न उतरता इचारलं काय झालं. आत्यांनी बाळीचा चेहरा त्याला दाखवला. त्याच्या शेजारी दोन शेतकरी बसलेले, त्यातला एक लगीच म्हनला, मी वर गोन्यावर बसतो, बाईला बसू द्या.

डायवर मला म्हनला, "पोरी, लेकराला घे आन चढ. एकीचीच जागा हाय. आन लवकर बोल, लोडची गाडी वळनावर मला धरून ठिवता यायची न्हाई."

आत्या उठून माझ्याजवळ आल्या. म्हनल्या, जा तू, बाळी अंगावर पिती, तूच लागशील तिला. मी बसती गाडीपाशी. म्हनलं, तुमी एकट्या, घाटात? त्या म्हनल्या, मला कोन उचलून नेतंय.

मी टेम्पोच्या केबिनमधी बघितलं. इंजिनाची धग, कांद्याच्या फोलपटांची धूळ उडतीया, आन डायवरच्या बोटात इडी. त्यानं माझं बघनं बघून ती लगीच इझवली, चांगला मानूस हुता. पन तो टेम्पो खालनं गोगलगायीवानी चढत आलेला मी बघितला हुता. तो नगरला कधी पोचनार. आन टेम्पोत न्हाई गेले तर? डब्यातल्या त्या तीन धुतलेल्या तोंडांवर माझ्या लेकराचा श्वास सोडायचा?

मी डबा आत्यांच्या हातात दिला, बाळीला घ्यायला. त्यांनी बाळी मला दिली, डबा धरला, आन डब्यात बघितलं. त्यांचं बोट एका प्लगावर थांबलं.

"ह्यो नको लावू," त्या म्हनल्या. "ह्याला तडा हाय."

म्हनलं, कशावरनं? त्यांनी प्लग माझ्या डोळ्यापुढं धरला. पांढऱ्या चिनीमातीच्या अंगावर केसावानी एक पिवळी रेघ. हळदीची. बाकीच्या दोघांची हळद पुसून गेलेली, ह्याची त्या रेघंत मुरून बसलेली. आत्या म्हनल्या, "कपाला तडा गेला की त्यात चहा मुरतो, मंग किती घास, जात न्हाई. तसंच हे. बाकीचे दोन चांगलेत."

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. एकदाच, हळू.

बाळीचं अंग माझ्या गळ्याशी चिकटलेलं, तापलेलं, आन तिचा श्वास माझ्या कानाखाली, भुर्रभुर्र. मी आत्यांकडं बघितलं. त्या म्हनल्या, "तुला त्यो बसवता येतो का, येवढंच सांग."

म्हनलं, येतो.

"मंग बसव."

मी टेम्पोवाल्या दादांना म्हनलं, तुमी व्हा पुढं. ते म्हनले, इचार कर गं पोरी. म्हनलं, केला. खरं तर इचार काय केला नव्हता. टेम्पो गुरगुरत वर गेला, आन वळनाआड दिसेनासा झाला. आता तिथं कोनच नव्हतं. आमी दोघी, बाळी, आन दोन प्लग.

बाळी आत्यांकडं दिली. प्लग सुरवातीला पान्यानं कधी फिरवायचा न्हाई, बोटानंच आटे बसवायचे, पान्यानं आधीच जोर केला तर आटे कापतात आन इंजिनच वाया जातं. हे मला इतक्या वेळा सांगितलेलं की मी तोंडानं म्हनत हुते, बोटानं, बोटानं, बोटानं. बोटं भाजत हुती. पहिल्यांदा आटा धरला न्हाई. दुसऱ्यांदा बी न्हाई. मी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आन परत टाकला, तवा तो गुळगुळीत खाली गेला. मंग पाना, मंग टोपी. चावी फिरवली.

तीन. तिन्ही चालले. तो आवाज मी कसा सांगू. आमच्या वट्यावर बाजाराच्या सकाळी जो आवाज यायचा, तोच.

सीट आपटली, आत्या चढल्या, दगूड तिथंच राहिला. घाट चढताना मी आरशात बघितलं न्हाई, बाळीकडं बी बघितलं न्हाई, आत्या सांगत हुत्या, श्वास चाललाय, चाललाय, तू चल. टेम्पो आमाला पार नगरच्या तोंडाशी, भिंगारजवळ सापडला. म्हंजी मला वाटला तितका काय तो गोगलगाय नव्हता. त्याला मागं टाकताना दादांनी खिडकीतनं हात वर केला.

दवाखान्यात बाळीला लगीच आत घेतलं. तोंडाला वाफेचं मशीन, नाकाला ऑक्सिजनची नळी, येवढ्याशा हातावर पट्टी. डॉक्टरीन बाई म्हनल्या, न्युमोनिया हाय, आनलंत ते बरं केलं, आनखी उशीर झाला असता तर अवघड हुतं. मी खाली फरशीवर बसले. आत्या माझ्याशेजारी बसल्या, माझी भाजलेली बोटं आपल्या पदरात घिऊन फुंकर घालत राहिल्या.

बाळीचे पप्पा एसटीनं आले. आधी बाळीपाशी गेले, लई येळ तिच्या पावलाला बोट लावून उभे राहिले. मंग मला इचारलं काय काय झालं. मी सगळं सांगितलं, टेम्पोचं बी. ते ऐकत हुते. हळदीच्या रेघंचं आलं तवा त्यांनी आईकडं बघितलं आन मान हालवली.

पन टेम्पो मी सोडला हे ऐकून म्हनले, "तू जायला पायजे हुतं."

म्हनलं, प्लग बरोबर हुता.

"बरोबर हुता गं. पन बरोबर असून बी एखादा प्लग उठत न्हाई. मंग?"

आत्या मधी पडल्या. म्हनल्या, तिला बोलू नको, तिनं येवढं केलं म्हनून लेकरू हितं हाय. ते म्हनले, मी बोलत न्हाई, मला भ्या वाटतं म्हनून म्हनतो. मला त्यांचा राग आला न्हाई. मला बी तेच भ्या वाटत हुतं, फकस्त ते त्यांनी बोलून दाखवलं.

बाळी बरी हुऊन घरी आली. आता ती धरून धरून चालती, आन तिच्या पप्पांनी ताट पालथं घातलं की पहिली ती जाऊन बसती, प्लग तोंडात घालाया बघती. त्यांनी त्या दिवशीचा प्लग काढून बघितला, चहाचा रंग धरलेला. म्हनले, बघ, चांगलाच निवडला तुमी. तरी टेम्पोचा इषय निघाला की ते त्यांच्या म्हनन्यावर हायेत आन आत्या त्यांच्या. दोघं बी माझ्याकडं बघतात, आन मला एकाची बाजू घेता येत न्हाई. कधी कधी भाकरी थापताना मी अजून त्या वळनाला उभी असती. बाळी गळ्याशी, हातात धुतलेला प्लग, समोर टेम्पोचं उघडं दार, आन दादा म्हनतायत लवकर बोल. मी जे बोलले ते बोलले. लेकीची आई हुऊन तिथं तुमी उभ्या असता, तर खरं सांगा, तुमी चढला असता का?